दादानं पुस्तकातनं शिकलेला फटका

आम्ही मूळचे शाहूवाडीकडचे, डोंगरातल्या वाडीचे, भाताची खाचरं थोडी आणि घरात खाणारी तोंडं लई, त्यामुळं थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या तानाजीदादाला, वडिलांनी कोल्हापूरला तालमीत आणून सोडला, म्हणाले, अंगानं दांडगा हाय, पैलवान झाला तर त्याचं नशीब, न्हाय झाला तर निदान चार माणसांत उभा राहील की. पैलवान झाला, पण मोठा न्हाय झाला. जत्रेतल्या मैदानात कुस्त्या मारल्या, मग गुडघा गेला, आणि वस्तादांच्या ओळखीनं तो गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागला. कॅडी म्हणजे काय, साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि त्यांच्या मागनं हिंडायचं, चेंडू कुठं पडला त्याच्यावर डोळा ठेवायचा. त्या पिशवीवर मी शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.ए. झालो, बी.एड. झालो, आज पेठ वडगावला शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि हे सगळं दादाच्या खांद्यावरनं आलंय, हे मी कुणाच्याबी समोर सांगतो.

आता कॅडीचं काम म्हणजे पाऊस लागला की बंद, साहेब आलं न्हाईत की त्या दिवशी हात हलवत घरी. चाळिशी उलटली तसा दादाचा गुडघा बोलायला लागला, पिशवी जड व्हायला लागली. तेवढ्यात मैदानाच्या कमिटीनं ठरवलं की कॅडींमधलाच एक माणूस कोचच्या हाताखाली कायमचा घ्यायचा, पगारी, नव्या लोकांना शिकवायला. पुण्याहून कोच येणार, चाचणी घेणार. दादा घरी आला आणि वहिनीला म्हणाला, एवढं एक जमलं की पिशवी सुटली बघ माझी. चेंडू मारायला त्याला येत होताच, मैदान बंद असलं की कॅडी आपसात खेळायचे, पण त्याचा फटका पैलवानी, पाय रोवून नुसता दंडाच्या जोरावर मारायचा. चेंडू लांब जायचा, पण कुठं जाईल ते चेंडूलाच ठाऊक.

एक रिटायर्ड फौजी साहेब होते, दादा वर्षानुवर्षं त्यांचीच पिशवी उचलायचा. ते लेकाकडं कायमचे राहायला निघाले तेव्हा त्यांनी दादाला एक जुनं जाड पुस्तक दिलं. परदेशातला कोण दिग्गज खेळाडू, त्या खेळातला देवच म्हणा, त्यानं स्वतःचा स्विंग, म्हणजे काठी मागं नेऊन फिरवून मारायची त्याची पद्धत, पानापानाला फोटो देऊन समजावलेली. साहेब म्हणाले, तानाजी, तुझ्यात ताकद आहे, वळण नाही, ते यातून घे. पुस्तक सगळं इंग्रजी. मग सकाळी शाळेला निघायच्या आधी मी वाचून मराठीत सांगायचो आणि दादा कोल्हापुरातल्या आमच्या घरामागच्या बोळात काठी घेऊन उभा राहायचा. उजवा कोपर अंगाला चिकटलेला पाहिजे, खांदे पुरते फिरवायचे, कंबर मात्र धरून ठेवायची. शेवटच्या फोटोत तो खेळाडू छाती आभाळाकडं करून मागं कमानीगत वाकलेला, चेंडू कुठं चाललाय ते निवांत बघतोय. दादाला त्या फोटोचं याडच लागलं. वहिनी दारातनं म्हणायची, पैलवान, एवढासा चेंडू मारायला एवढं वाकडं व्हायला लागतंय व्हय, त्यापरीस लाटणं घ्या, चपात्या तरी होतील. दादा म्हणायचा, गप ग, देवाचं चाललंय. आणि मला म्हणायचा, मास्तर, पुढचं वाच.

खांदे काय फिरंनात. पैलवानाची मान आणि पाठ म्हणजे खांब, कुणी उचलून टाकू नये म्हणून घडवलेली, ती पिळायला घेतली तर व्हायचं तेच झालं, कंबर धरली. मी पुस्तकात बोट ठेवून दाखवलं, दादा, इथं स्पष्ट लिहिलंय, पाठीत दुखलं तर त्या दिवशी थांबा. तो म्हणाला, ते त्यांच्यात असंल, आपल्यात दुखायला लागलं की समजायचं, डाव अंगात शिरतोय. तालमीत रीतच तशी असती की. नव्या गड्याचं अंग आखडलं तर वस्ताद त्याला निजू देत न्हाईत, उलट जास्त जोर काढायला लावतात, म्हणतात, मेहनतीनं आखडलंय ते मेहनतीनंच सुटंल. त्या रीतीवर दादा माणसात आलेला. तो फटके दुप्पट करायला लागला. सांजंला तालमीतनं कोण ना कोण यायचं, तेल लावून त्याची पाठ पायानं तुडवायचं, आणि दादा टॉवेल दातात धरून पालथा पडलेला असायचा. डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मी म्हणालो डॉक्टरकडं चल, वहिनी तर रडली, तर म्हणाला, चाचणी होऊ दे, मग कुठं न्यायचं तिथं न्या मला.

आणि काय सांगू तुम्हाला, स्विंग आला की त्याला. खरंच आला.

चाचणीला मी शाळेत रजा टाकून गेलतो. दादाची पाळी आली. काठी मागं गेली, खांदे फिरले, कंबर जागच्या जागी, आवाज असा आला की वाळलेली फांदी मोडावी, आणि चेंडू सरळ, पार पलीकडच्या झाडांवरनं. पुण्याचा कोच खुर्चीवरनं उठून उभा राहिला. दादा त्या फोटोतल्यागत, कमान झालेला, काठी खांद्यामागं, छाती वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी दादा तसाच. कोच हसून म्हणाला, अहो पैलवान, फोटो निघाला तुमचा, आता सरळ व्हा. सगळी हसली. मला तेवढा त्याचा चेहरा दिसत होता, घाम निथळत होता आणि ओठ हलत होते. पळत गेलो. तो हळूच म्हणाला, मास्तर, धर मला, पाय कुठं हायत ते कळंना झालंय.

मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेलती. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, इतके दिवस हा माणूस उभा कसा राहिला. ऑपरेशन केलं, पण उशीर झालता. पायांत परत जीव आला न्हाय, लघवीचंबी भान राहिलं न्हाय. कमिटीनं काही दिवस जागा तशीच ठेवली, त्यांना दोष न्हाय देणार मी, मग दुसरा एक कॅडी घेतला, गुणी हाय, दादाला भेटायला येतो.

आता मी सगळ्यांना वडगावलाच आणलंय. शाळेआधी मी दादाला अंघोळ घालतो, कूस बदलून देतो, जखम होऊ नये म्हणून पाठीला पावडर लावतो, तो म्हणत असतो, मास्तर, आवर, घंटा होईल. वहिनी चार घरी चपात्या लाटायला जाती. लोक म्हणतात, भावासाठी लई करतोस. मला ते ऐकवत न्हाय. देवानं एवढं दिलंय की हातात नोकरी हाय, त्याचं औषधपाणी चाललंय, त्याच्यावर काय मागायचं.

तुम्ही आलाय तर आत जाऊन भेटा त्याला. भाताचं इचारा, कुस्तीचं इचारा, मोकळा बोलतो. त्या फटक्याचं तेवढं काढू नका. न्हाय, राग येत न्हाय त्याला, लई हौसेनं सांगतो, निजल्या जागी हात फिरवून कोच कसा उठला ते दाखवतो, आणि मग दिवसभर जेवत न्हाय.