तुम्ही प्रॉपर कुठल्या?

...अहो नाही, मला एक सांगा, उभी हयात गेली माझी या पुण्यात! मुलगी इथे जन्मली, इथे शिकली, इथेच नोकरीला लागली, माझे अर्धे केस गळले ते इथल्या टँकरच्या पाण्याने, आणि तरीही ती बाई पहिल्या भेटीत, अजून माझी चप्पल धड पायातून निघालेली नाही, मला विचारते काय? "तुम्ही प्रॉपर कुठल्या?" प्रॉपर! म्हणजे आत्ता तुमच्या दारात उभी आहे ती कोण? सँपल? खरी श्यामला मी दुसरीकडे कुठे ठेवून आलेय का? प्रॉपर म्हणजे नेमकं काय हो?

तुम्हाला सांगते, या एका शब्दाने माझं डोकं उठवलंय. सकाळी नळवाला येतो, "काकू, पाणी प्रॉपर येतंय ना?" येतंय रे बाबा, पण नळातून नाही, भिंतीतून! बँकेत जावं तर, "मॅडम, प्रॉपर सही करा." अहो, सही माझी, हात माझा, मी करीन तीच प्रॉपर ना? रिक्षावाल्याला स्वारगेट म्हणावं तर तो विचारतो, "प्रॉपर स्वारगेट, का अलीकडे?" आता प्रॉपर स्वारगेट म्हणजे कुठे? डेपोत सोडणारेस? एसटीत खिडकीजवळ बसवून देणारेस? आणि आमची उत्कर्षा, रविवारी ऐन दुपारी उठते, जांभई देते आणि म्हणते, "आई, प्रॉपर झोपच नाही झाली गं." मग आतापर्यंत जे घोरत होतं ते कोण होतं?

पण ही सगळी प्रॉपरं परवडली. 'कुठल्या'च्या आधी लागतं ना, ते प्रॉपर वाईट. कारण तुम्ही काहीही उत्तर द्या, ते चुकतंच! मूर्तिजापूर म्हटलं की समोरचा म्हणतो, "अच्छा... विदर्भ... तरीच." तरीच काय? तरीच काय हो? पुढे बोला ना! नाही, पुढे बोलायचं नसतं, नुसतं मान हलवून हसायचं असतं. बरं, वाघोली म्हणावं तर, "ते पुण्यात येतं का आता?" आणि मूर्तिजापूरला गेले की तिथल्या बाया म्हणतात, "आली पुणेवाली!" म्हणजे इथे मी तिकडची आणि तिकडे मी इथली. मधल्या मधे एसटीत राहायचं का आम्ही? आमची पोरगी त्याहून शहाणी. कुणी पत्ता विचारला की म्हणते, "खराडीच्या जरा पुढे." अगं, पुढे म्हणजे किती पुढे? सरळ वाघोली म्हण की! लाज कसली? मी तर छातीठोक सांगते, वाघोली! ऐकायचं तर ऐका.

हां, तर ती बाई. ती म्हणजे पूर्णिमाताई. आमच्या उत्कर्षाच्या ऑफिसात, खराडीला, शुभंकर म्हणून मुलगा आहे. दोघं एकाच टेबलावर डबा खाता खाता एकमेकांना पसंत करून बसली. मुलगा गुणी हो, त्यात वाद नाही. पूर्णिमाताई त्याची आई. घर नारायण पेठेत. म्हणजे झालंच! आम्हाला त्यांनी रीतसर बोलावलं, तर निघण्याआधी पोरगी मला म्हणते, "आई, प्रॉपर साडी नेस. प्रॉपर बोल. आणि प्लीज, हो म्हणायचं तिथे 'हाव' म्हणू नकोस." आता चाळीत नाही, शेतात नाही, स्वतःच्या आईला स्वतःच्या घरात 'हाव' म्हणायची चोरी! तरी मी म्हटलं, हो. हाव नाही, हो!

गेलो. ते "प्रॉपर कुठल्या" झालं. बसलो. आतून पोह्यांचा असा वास आला म्हणून सांगू, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि आम्ही नगर रोडची ती ट्रॅफिक खाऊन आलेलो, पोटात कावळे. पूर्णिमाताई ट्रे घेऊन समोर आल्या, म्हणाल्या, "पोहे घेणार?" मी म्हटलं, "नको नको, कशाला उगाच."

आता मला सांगा, हे काय खरं नको होतं? आमच्याकडे पहिलं नको हे म्हणायचं असतं म्हणून म्हणायचं. दुसरं नको समोरच्याचा मान राखायला. आणि तिसऱ्या वेळी ताटावर हात आडवा धरायचा, तोही बोटं फाकवून, म्हणजे वाढणारीला मधल्या फटीतून वाढता यावं! ही काय शिकवायची गोष्ट आहे? पूर्णिमाताई म्हणाल्या, "बरं." आणि ट्रे आत! अहो, ट्रे आत! मी बघतच राहिले. मग आमच्या ह्यांना विचारलं, "महिपतीराव, चहा?" हे सवयीने म्हणाले, "नको, आत्ताच झाला." "बरं." पाण्याला तरी आग्रह होईल म्हणून मी म्हटलं, "राहू द्या." "बरं." राहिलं! घसा कोरडा पडून जीभ टाळूला चिकटली, पण राहिलं! परत येताना रस्त्यात गाडीवर उभ्या उभ्या वडापाव खाल्ला आम्ही, आणि हे तोंड पुसत म्हणतात, "बाकी माणसं सरळ आहेत." सरळ? एका शब्दात आत जातात, इतकी सरळ!

मला वाटलं, आता आपण रागवायचं. तर दोन दिवसांनी पोरगी डोळे लाल करून घरी आली. पूर्णिमाताई तिकडे म्हणाल्या म्हणे, "पाण्यालासुद्धा शिवले नाहीत. आमच्या घरचं चालत नाही वाटतं त्यांना. इतक्या मानी लोकांशी सोयरीक कशी जमायची?" मानी! आम्ही! अहो, आम्ही उपाशी होतो! पण हे सांगायचं कसं? आणि तोवर पोरीने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडायला सुरुवात केली. तुम्हाला सांगते, मी जगाशी भांडेन, पण लेकीचं रडणं मला बघवत नाही. काळजाचं पाणी होतं माझ्या. मी फोन उचलला आणि म्हटलं, रविवारी आमच्याकडे जेवायला यायचंच.

झालं! पोरीने लगेच माझी शिकवणी घेतली. "आई, आता सगळं तुझ्या हातात आहे. एकदाच विचारायचं. त्या नको म्हणाल्या की नको. आग्रह नाही, ताटात ढकलणं नाही, डोळ्यात पाणी आणणं नाही. प्रॉपर वाग." म्हणजे भुकेल्या माणसाला उपाशी उठवायचं, हे प्रॉपर! प्रॉपर म्हणजे नेमकं काय हो? पण म्हटलं, लेकीसाठी करीन. ओठ शिवून घेईन.

रविवार उजाडला. मी पाटवडीचा रस्सा केला, वर लाल तर्री अशी आलेली की बघणाऱ्याला आधी घाम फुटावा. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पुरणपोळ्या, तुपाची वाटी. मायलेक आली, बसली. मी रश्श्याचं पातेलं घेतलं, पूर्णिमाताईंसमोर उभी राहिले आणि अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "रस्सा वाढू?"

त्या म्हणाल्या, "नको नको, कशाला उगाच."

माझंच वाक्य! जसंच्या तसं! मी दात आवळले आणि म्हटलं, "बरं." आणि पातेलं आत. आमचे हे माझ्याकडे असे बघताहेत, जणू मी त्यांच्या गावाला आग लावली. पुरणपोळी घेऊन गेले. "पोळी?" "नको हो, पोट भरलंय." कशाने भरलंय? ताटात मीठ आणि लिंबाची फोड! पण मी म्हटलं, "बरं." पोळी आत. वर पंखा फिरतोय, खाली चार रिकामी ताटं. उत्कर्षा शुभंकरकडे बघतेय, शुभंकर उत्कर्षाकडे, आणि दोघांचेही चेहरे पडलेले. म्हटलं, संपलं. मोडलं हे लग्न. माझ्या पोरीचं घर मी माझ्या हाताने, एका 'बरं'ने मोडलं.

शेवटचं म्हणून भाकरी घेऊन गेले. पूर्णिमाताईंनी ताटावर हात आडवा धरला. आणि मी बघते तर काय... बोटं फाकवलेली!

थांबले मी. शुभंकर रडवेला होऊन म्हणाला, "काकू, उत्कर्षानेच सांगितलं होतं, तुमच्याकडे आधी नको म्हणायचं असतं, लगेच घेतलं तर हावरटपणा दिसतो. म्हणून मी आईला तसं शिकवून आणलं." म्हणजे बघा! इकडे मला तिकडची केली, तिकडे त्यांना इकडची केली, आणि मधल्या मधे चार माणसं उपाशी बसवली! हिला ऑफिसात कामाचं कौतुक म्हणून कप मिळालाय, बरं का. कपच द्यायला हवा!

पण मी म्हटलं, थांब. नको म्हणायला पोराने शिकवलं, मान्य. बोटं फाकवायला कुणी शिकवलं? भाकरी हातात तशीच, आणि मी सरळ विचारलं, "पूर्णिमाताई, तुम्ही हो प्रॉपर कुठल्या?"

त्या एकदम लाजल्या. खाली बघून म्हणाल्या, "चोपड्याची मी. खानदेशातली. माहेरी असंच वाढायचे हो, बोटांमधून. इकडे आले तर सासूबाई म्हणाल्या, दोनदा विचारू नये, समोरच्याला संकोच होतो. मग तेच वळण पडलं. त्या दिवशी तुमच्यासाठी केलेले पोहे आम्हीच दोन्ही वेळा खाल्ले... सारखं वाटत होतं, परत विचारायला हवं होतं."

मग मात्र माझा ताबा सुटला. म्हटलं, खड्ड्यात गेलं तुमचं प्रॉपर! एकदाच विचारायचं म्हणे! या घरात मी दहादा विचारणार, आणि अकराव्यांदा न विचारता वाढणार! हाव म्हणणार, हजारदा हाव म्हणणार! पातेलं बाहेर आणलं आणि त्या फाकवलेल्या बोटांमधून अस्सा रस्सा ओतला की तर्री पार मनगटापर्यंत गेली. बाई हू हू करताहेत, नाक लाल, डोळ्यांतून धारा, आणि एका हाताने पदर लावत दुसऱ्या हाताने ताट पुढे करताहेत, "अजून वाढा हो." शुभंकर तर ताटातून मान वर करेना. आमचे हे इतके खूश की स्वतः उठून तूप वाढायला लागले, आणि या माणसाने आजवर घरात पाण्याचा पेला उचललेला नाही! निघताना पूर्णिमाताई दारात माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "ते चोपड्याचं तेवढं पेठेत कुणाला बोलू नका हं."

जमलं हो लग्न. साखरपुडा ठरला. आणि त्या रात्री मी घरात जाहीर करून टाकलं, यापुढे या उंबऱ्याच्या आत कुणी कुणाला प्रॉपर कुठले, हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. तो शब्दच बंद! पोरगी गुपचूप मान हलवत होती. असा दरारा पाहिजे!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा, जयाताईचा फोन. "काय वं श्यामे, जमलं म्हणतात पोरीचं? कुठचे हायेत सोयरे?"

आणि मी, तुम्हाला सांगते, पदर सावरला, मान ताठ केली, आणि या तोंडाने, याच तोंडाने म्हटलं, "नारायण पेठेतले आहेत, ताई. प्रॉपर पुण्याचे!"

जीभ चावली हो मी! पण शब्द गेला तो गेलाच. आमचे हे पेपराआडून खुदकन हसले. आणि जयाताई म्हणते कशी, "बाप्पा! अन् तू वं? तू आता प्रॉपर कुठची?"

आता काय सांगू? मूर्तिजापूरची म्हणू, तर तिनेच मला पुणेवाली ठरवलेलं. पुण्याची म्हणू, तर पुण्याने अजून ठरवलेलं नाही. वाघोलीची म्हणू, तर खोटं कशाला बोलू, तोंडावर 'खराडीच्या जरा पुढे' आलंच होतं!

म्हटलं, "जयाताई, तुझा आवाज प्रॉपर येत नाहीये गं..."

आणि ठेवला फोन.