पायंड्याचं देणं

...आणि वर मलाच विचारतात, "लिहिलंय कुठे?" आता बघा, मी मेलबर्नला हिशेबाचं शिक्षण घेतलं, तिथली नोकरी नाकारली, फिलिपिन्सला, आपल्या इलोइलोत परत आले, का, तर आपल्या गावच्या धंद्यांचे हिशेब खरे असावेत म्हणून, आणि पहिल्याच वर्षी गाडी अडली कशावर? तांदळाच्या पोत्यावर!

तुम्हाला सांगते, आमचा बिस्कोचोचा कारखाना. पावाच्या कापांना लोणी-साखर लावून ते खरपूस भाजण्यात इथे माणसांचा जन्म जातो, आणि जो म्हातारा होऊन घरी बसतो त्याच्या दारात मालकीणबाई, मॅम सोल, दर महिन्याला तांदळाचं पोतं धाडतात. मरेपर्यंत! कायद्यात नाही, करारात नाही, वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय, बस्स. आणि दर वेळी पोतं निघालं की बाई म्हणणारच, "हे शेवटचं हं." पुढच्या महिन्यात पोतं हजर.

यंदा झालं काय, मॅम सोलना निम्मा कारखाना मनिलाच्या एका भागीदाराला विकायचा होता, आणि त्याच सुमारास भट्टीवरचे थोरले दादा, मानोंग इस्टोय, निवृत्त व्हायचे होते. मी म्हटलं, मॅम, हे तांदूळ देणं म्हणून हिशेबात दाखवायला हवेत. झालं! "लिहिलंय कुठे?" अहो, लिहिलेलं नसलं तरी देणंच ते. इतकी वर्षं दिलंत, माणसं धरून चाललीत, आता बंद केलंत तर भट्टीवरचा एक माणूस तुमचं तोंड बघणार नाही, मग सुटका आहे का तुम्हाला? नाही ना? मग ते पायंड्याचं देणं. पुस्तकात याला भलंमोठं नाव आहे, पण अर्थ एवढाच, की हात आखडायची सोय उरलेली नाही.

"मी मनापासून देते गं, इंदाय. मनाचं कुठे देणं असतं?"

मी म्हटलं, तुमचं मन काय भागीदार विकत घेणार आहे? तो पहिल्याच बैठकीत विचारेल, लिहिलंय कुठे, की इस्टोयचं पोतं गेलं. बाई विचारात पडल्या. मला वाटलं, जिंकले! आणि तेवढ्यात माझीच जीभ वळवळली, की आकडा काढायला मानोंग अजून किती वर्षं जगतील त्याचा अंदाज बांधावा लागेल. मॅम सोलनी छातीवर क्रूस काढला. "जित्या माणसाचं मरण मांडतेस? हेच शिकवलं तुला तिकडे?" हो, अगदी हेच शिकवलं! पण सांगणार कोणाला...

शेवटी मी म्हटलं, बरं, देणं नाही ना? मग आत्ता खाली जा आणि इस्टोयना सांगा, तांदूळ मिळणार नाहीत. नुसतं सांगून सुटता येत असेल, तर मी एक अक्षर मांडत नाही.

गेल्या की बाई! हट्टी आहेत. मी मागोमाग. भट्टीपुढे उभ्या राहिल्या, घसा खाकरला. "मानोंग, तुम्हाला तांदूळ मिळायचे नाहीत. बंद केलंय ते."

इस्टोयनी ट्रे आत सरकवला, घाम पुसला. "बरं. पोतं सकाळचं धाडा, मॅम. दुपारी मी मासे धरायला गेलेला असेन."

"मानोंग, मी खरंच सांगतेय."

"तर हो. माझ्या सासऱ्यांनाही तुमच्या वडिलांनी खरंच सांगितलं होतं. शेवटच्या घासापर्यंत त्याच तांदळाचा भात जेवले."

अख्खी भट्टी हसली. आता तुम्हीच सांगा, जिथे "देत नाही" म्हटलं तरी माणसं पोतं ठेवायला कोपरा झाडून घेतात, ते देणं नाही तर काय? मॅम सोल गुमान जिना चढल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मांड. पण मानोंगला भरपूर जगव." जगवलं! भागीदार कुरकुरला, भाव थोडा पाडला, पण पोतं कबूल करून सही केली त्यानं. तत्त्व जिंकलं म्हणायचं...

आता मी रविवारी बोटीनं इकडे बाकोलोदला ताईकडे येते, तर रिकाम्या हातानं परतायचं कसं म्हणून पहिल्या सोमवारी कारखान्यात इथल्या गुळाच्या सारणाच्या चपट्या पोळ्या, पियाया, नेल्या. मग पुढच्या सोमवारीही नेल्या. मग नेतच गेले. गेल्या सोमवारी दुकान बंद होतं, तशीच गेले, तर कॉफी ओतून ठेवलेली, बशा मांडलेल्या, मधोमध मॅम सोल, आणि निवृत्त झालेले मानोंग इस्टोय मुद्दाम घरून आलेले! सगळ्यांची नजर माझ्या हातांकडे. मी म्हटलं, अहो, दर सोमवारी आणायचं असं लिहिलंय कुठे?

मग मॅम सोल गोड आवाजात म्हणाल्या, "बंद करायचंय, इंदाय? मग सांग ना आम्हाला. सांगून सुटता येत असेल, तर देणं नाही."

सांगितलं मी! ठासून सांगितलं. पियाया बंद, आजपासून बंद, कायमच्या बंद.

इस्टोयनी शांतपणे कॉफीचा घोट घेतला. "बरं," म्हणाले. "पुढच्या सोमवारी जांभळ्या कंदाच्या आण."

...तर उठते आता. बोट सुटायच्या आत दुकान गाठायचंय.