ढोल्या डाव

एक्स-रेच्या रांगेत शिवणकाम करत बसलेल्या एका बाईंच्या शेजारी दोन म्हातारे पैलवान बोलत बसले होते.

"ढोल्या, डाव मी शोधून काढला, आणि नाव मात्र तुझं!"

"त्या डावानं तू मलाच आपटलंस ना? म्हणून पोरं त्याला 'ढोल्या डाव' म्हणायला लागली. चाळीस वर्षं लाज वाटायची मला."

"आता नाही वाटत?"

"परवा नातीनं तोच टाकून कुस्ती जिंकली. 'आजोबा, तुमचा डाव!' म्हणत गळ्यातच पडली. खरं सांगायला माझं तोंडच उघडेना."

तेवढ्यात मनगट धरून नात आतून आली. बाईंनी सरकून तिला जागा दिली.

"आजोबा, हे कोण?"

ढोल्याच्या आधी दुसरा पैलवानच बोलला.

"मी होय? यांचा जुना जोडीदार. तो डाव मी यांच्याकडूनच शिकलो, बाळा."