साठ किलोचे काका

पशुदवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना वजनकाट्यापाशी उभे असलेले कंपाउंडर आणि कुत्रा घेऊन आलेले काका यांचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"याची आकडी थांबली नाही का, काका?"

"कसली थांबते. आता दिवसातून तीनदा येते. गोळ्या देतोस की खडू?"

"गोळी वजनावर ठरते. हा एकटा काट्यावर उभा राहीना, म्हणून गेल्या महिन्यात तुम्ही त्याला उचलून उभे राहिलात. दोघांचं सदुसष्ट भरलं. तुमचं साठ वजा केलं, उरले सात."

"मग बरोबरच आहे की."

"हा सात किलोचा दिसतो? तुमचं साठ कुणी मोजलं होतं?"

"मोजायचं काय त्यात? लग्नापासून साठच आहे."

"आणि मी गाढवासारखं लिहून घेतलं. त्याला माझ्याकडे द्या, एकटे उभे राहा. हं. एकोणपन्नास."

"काटा बिघडलाय तुझा."

"काटा ठीक आहे. कुत्रा अठरा किलोचा आहे, काका. महिनाभर त्याला निम्म्याहून कमी औषध गेलं."

"माझ्यामुळे?"

"दोघांमुळे. पण तुमचे अकरा किलो गेले कुठे? कुणा डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की भरती करून घेतील. मग याला आकडी आली की धरायचं कुणी?"