कोपऱ्यातली सही
कुरिअरच्या रांगेत पुढे दोघी बहिणी होत्या. मोठीच्या काखेत चपटं पार्सल होतं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका शिंप्याचे कान आपोआप टवकारले.

“ताई, कॉमिकचं कव्हरच पाठवतेस ना? मग अशी लढाईला निघाल्यासारखी का उभी आहेस?”

“बावीस वर्षं कोपऱ्यात सही करतेय. दर वेळी नेमका तिच्यावरच किमतीचा चौकोन छापतात.”

“मग दुसऱ्या कोपऱ्यात कर.”

“केली होती. चौकोनही तिकडे आला! म्हणून या वेळी थेट राक्षसाच्या पुढच्या दातावर केलीय. झाकायची तर त्याचं तोंडच झाकावं लागेल.”

“अगं, प्रकाशकांनी चिडून दुसऱ्या कुणाला काम दिलं तर?”

“देऊ देत की. हे काम करणारे आम्ही तिघंच. त्या दोघांनीही आपापल्या राक्षसांचे दात घासून ठेवलेत.”