खंडेनवमीची तपासणी

मी लातूरजवळच्या मुरुडची. अप्पांचं किराणा दुकान, आई गेल्यापासून अप्पा एकटेच, आन् मी हितं नांदेडात खोली करून राहायलेली. लातूरच्या कॉलेजात इंजिनेर झाले, नोकरी लागली, तर अप्पा गावभर सांगत सुटले, पोरगी आता विमानात बसती. आवो कुठलं विमान, मी खांबावर चढायलेली! नांदेडच्या विमानतळावर विमान उतरलं की खाली जी माणसं राबतेत ना, शिडीवाले, सामानवाले, तेल भरणारे, त्यांना एकमेकांशी बोलायला वायरलेसचं जाळं बसवायचं, ते माझं काम.

तुम्ही म्हणाल, मोबाईल हाय की. न्हाई ओ. विमानाचा पंखा सुरू असल्यावर मोबाईल कुणाला ऐकू येतो? सगळा कारभार शिट्ट्यांवर आन् हातवाऱ्यांवर. एकदा सामानाची गाडी मागं येताना एकाच्या पायावरच जायची, थोडक्यात वाचला, तवापासून मी हट्टालाच पेटले. पत्र्याच्या शेडमागं आवाज पोचंना. ॲन्टेना हिकडं लाव, तिकडं लाव, खांब वाढव, उन्हात पार करपले, पण पोचवला. कंपनीचे साहेब म्हणले, दिल्लीच्या तपासणीवाल्यानं पास केलं की लातूरच्या विमानतळाचं काम तुलाच. लातूर म्हंजे घर हो. रोज राती अप्पांच्या ताटात गरम भाकर. दुसरं काय मागितलं होतं मी?

आन् तपासणीची तारीख कोणती यावी, तर खंडेनवमी. साहेबांना म्हणलं, बदला, तर साहेब बाहेरचे, म्हणले सुट्टी दसऱ्याला असती. सकाळी जाऊन बघते तर, काय सांगू तुम्हाला, वायरलेसचे सगळे सेट सतरंजीवर ओळीनं मांडलेले, सुरूच, पण हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. माझ्या खांबापुढं नारळ फोडलेला. सामानवाल्यांचे मुकादम गंगाधरमामा हात जोडून म्हणले, ताई, पहिला मान तुमच्या यंत्राला दिला बघा. मी म्हणलं, मामा, तपासणी हाय, उचला. मामा म्हणले, न्हाई ताई, आज विमान बी न्हाई, पुजलेल्या हत्याराला दसरा झाल्याबिगर हात लावत नसतेत. आता रडावं का भांडावं? आमचे अप्पा बी त्या दिवशी तराजूला हात लावत न्हाईत, मी कोणत्या तोंडानं शिकवू?

तपासणीवाला म्हणला, ज्यांनी वापरायचं त्यांनी बोलून दाखवा. कुणी हलंना. शेवटी मीच एक सेट उचलला, कुंकू पुसलं, लांब शेडमागं गेले आन् बोलले, आवाज येतोय का, येतोय का? मामा नंतर सांगत होते, तुमचा आवाज सगळ्या सेटांतून आला ताई, फुलांखालून, लई साफ. आला तर आला, सेट उचलून हाव, येतोय म्हणायला कुणी नको का? तपासणीवाला म्हणला, लोक वापरत न्हाईत, पुन्हा बघू. आन् गेला.

दसऱ्यानंतर समद्यांनी सेट उचलले. शेडमागून मामांचा आवाज खणखणीत, ताई, येतोय का आवाज? असा राग आला मला! म्हणलं, येतोय हो मामा, पण ज्याला ऐकवायचा तो गेला ना.

तवापासून वरीस होत आलं, दिल्लीवाल्यांचं पुन्हा बघू, पुन्हा बघू, जीव बेजार झालाय. अप्पा फोनवर विचारतेत, कधी येतीस, आन् मी म्हणते, जेवलाव का? रोज शेजारच्यांचा डबा खातेत. हितं मात्र कुणाचा पाय आता गाडीखाली जायचा न्हाई, देव सगळ्यांना धडधाकट ठेवो, तेवढंच म्हणायचं.

काल मामा म्हणले, ताई, खंडेनवमी आली, नारळ औंदा बी खांबापुढंच फोडायचा ना? मी म्हणलं, फोडा मामा, खुशाल फोडा. फक्त एक सेट पूजेतून बाहेर ठेवा. मी बोलले तर कुणीतरी हाव म्हणायला पायजे.