गच्चीला कुलूप

बिबड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, यंदा आमच्याकडे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवायचे ते ज्वारीचे पापड, झालेच नाहीत. आमचं आणि शेजारच्या शालूअक्कांचं अशी जळगावातली दोन्ही घरं आम्ही बिल्डरला दिली आणि त्याच जागेवर फ्लॅट घेतले, हे तुम्हाला माहीतच आहे. उन्हं तापायला लागली तशी आम्ही दोघींनी सकाळीच ज्वारीचा घाटा शिजवला आणि गरम पातेलं घेऊन लिफ्टने वर गेलो. बघतो तर गच्चीला कुलूप!

वरच्या मजल्यावरचे भाऊ बाहेर आले. "काकू, गच्ची मी विकत घेतली आहे. बिल्डरने लिहून दिलंय."

"ऊन बी इकी टाकं का त्यानी?" अक्का म्हणाल्या.

मी तिथूनच बिल्डरला फोन लावला. म्हटलं, गच्ची तर सगळ्यांची असते ना? तो म्हणाला, "असते ना वहिनी. पण करारावर तुमच्याही सह्या आहेत. पटत नसेल तर कोर्टात जा."

इकडे घाटा थंड होत चालला होता, आणि थंड झाला की तो थापता येत नाही. शेवटी त्या भाऊंनाच दया आली. "घाला की कोपऱ्यात, मी कुठे नाही म्हणतो? फक्त दर वर्षी आधी विचारत जा."

अक्कांनी पातेलं उचललं आणि त्या लिफ्टकडे वळल्या. लिफ्टमध्ये म्हणाल्या, "सासू होती तोवर या जागेवर सगळं विचारूनच केलं. ती गेल्यावर वाटलं, आता घर माझं झालं. आता ही दुसरी सासू आली बाई, आणि हिला तर मीच सही करून आणली."